पायलीवरचा ठेका

मित्रांनो, मी एक जुनी पायली आहे. धान्य मोजायचं माप. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल, आणि पाहिलंच असेल तर कोणीतरी माझ्यात तुळस लावलेली नाहीतर खिळे भरून ठेवलेले पाहिले असतील. हसायचं तर हसा. पण मी मापात घडलेली आणि मापातच जगलेली आहे. दाणा इकडचा तिकडे झाला तरी माझ्या अंगाची आग होते. हा स्वभाव मला म्हातारपणी फार जड गेला, तेच आज सांगते.

कारंजा लाडच्या एका लोहाराने मला जाड पत्र्यातून ठोकून काढलं, तळाला दुहेरी पत्रा लावला आणि काठाला पितळेची पट्टी मारली. शिखरचंदच्या वडिलांनी मला त्यांच्या धान्याच्या दुकानात आणलं, तेव्हा शिखरचंद हाफ चड्डीत होता आणि माझ्यात चिंचोके भरून खुळखुळवायचा. त्याला मी तेव्हापासून पाहते, म्हणून अरेतुरे करते. राग मानू नका. माप धरायला रिठदचा जानराव होता. काय हात होता त्याचा! ज्वारीच्या ढिगात मला एकदाच खुपसायचा, काठावर दाण्यांची टोकदार शीग चढवून उचलायचा आणि रिकामी करायचा. सरकारी हिशेबात किलो कधीच आला होता, पण खेड्यातून आलेल्या बायकांचा जीव माझ्यातच अडकलेला. काट्यावर तोलून झालं तरी म्हणायच्या, "जानरावभाऊ, पायलीनं दाखवा, तवा आमचं मन भरते."

आता आमच्याकडची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. आणि ते घाईने नाही. पहिलं माप कपाळाला लावायचं, 'लाऽऽभ' असं लांबवायचं, शीग जरा जास्तच चढू द्यायची आणि मग ओतायचं. त्यानंतर दोन, तीन, चार, पाच, सगळं सरळ. शिखरचंद मोठा झाला, गादीवर बसला, तरी काहीही मोजायची वेळ आली की त्याच्या तोंडून लाभच निघायचा. ताटातल्या पोळ्यासुद्धा तो तशाच मोजायचा. त्याची बायको जतनबाई म्हणायची, "पोळीत कायचा लाभ? मुकाट्यानं खा ना!"

मग दुकानात विजेवरचा काटा आला. जानराव थकून घरी बसला आणि मला कोठीच्या खोलीत बाकाखाली ढकलून दिलं. अकरा पावसाळे मी तिथे होते. एका उंदरीने माझ्यात तिचं बाळंतपण उरकलं. ज्या घराचं मी धान्य मोजलं, त्या घरातल्या एकालाही माझी आठवण येऊ नये, याचं मला फार वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू, रडूच यायचं.

कोठीचं दार ओसरीत उघडतं, त्यामुळे घरातलं सगळं मला ऐकू यायचं. जतनबाईला कंपवात झाल्याचं मी असंच ऐकलं. आधी हात कापायला लागले. ते तिने पदरात लपवले. पण पुढे पाय दगा देऊ लागले. चालता चालता मधेच पाय जमिनीला चिकटायचे, त्यातही दारात हमखास. मनात चालायचं आहे, अंगात बळही आहे, पण पाऊल सुटत नाही. जबरदस्ती केली की तोल जायचा. वाशीमला तिला व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, कानावर एकसारखा ठेका पडत राहिला तर काही जणांचं पाऊल सुटतं, करून बघा.

घरच्यांनी सगळं करून पाहिलं. मोबाइलवर टिकटिक लावली, तर जतनबाई म्हणाली, "ते मेलं माह्यासाठी थांबतच नाई. मी अडकली तरी आपलं पुढं पुढं." शिखरचंदने टाळ्या वाजवल्या, तर ती भडकली. "मी काय बैल हावो? हाकून राह्यले ते!"

दिवाळीत नात आली, रुचिका. ती पुण्याला शिकते. तिने गिटार आणली होती. एका सकाळी ती ओसरीत बसून सहज तारा छेडत होती आणि जतनबाई स्वयंपाकघराच्या दारात अडकून उभी होती. एकाएकी तिचं पाऊल सुटलं. एक, मग दुसरं, आणि ती थेट ओसरीपर्यंत चालत आली! जाताना रुचिका गिटार घरीच ठेवून गेली. म्हणाली, "आजोबा, आता तुम्हीच शिका."

अडुसष्ट वर्षांचा शिखरचंद आणि गिटार! पहिल्या दिवशी ती त्याच्या पोटावरून घसरून खालीच आली. रुचिका मोबाइलवरून बघत होती. "आजोबा, उजव्या पायाखाली काहीतरी उंच घ्या," ती म्हणाली. शिखरचंद कोठीत शिरला, इकडेतिकडे शोधलं, बाकाखाली हात घातला आणि मला बाहेर ओढलं. अकरा वर्षांनी उजेड! मला वाटलं, आता पुसून देवघराशी ठेवील. तर त्याने मला पालथी घातली आणि माझ्या तळावर पाय ठेवला.

माझा काय संताप झाला म्हणून सांगू! ज्या घरात मी कपाळाला लागायची, त्याच घरात पायाखाली आले. पण मग त्याने अंगठ्याने माझ्यावर ठेका धरला, ठण ठण ठण ठण, आणि मित्रांनो, माझा राग तिथेच विरला. अकरा वर्षं मला कोणी हातसुद्धा लावला नव्हता.

बोटं सोलून निघाली बिचाऱ्याची. डाव्या हाताच्या टोकांवर तारांचे वळ उठले. सुरांचं त्याला फार काही जमलं नाही. तारांवर बोटांची एकच पकड बसली. पण आम्हाला गाणं कुठे म्हणायचं होतं? चार वेळा हात खाली, पुन्हा चार वेळा खाली, एवढंच काम. आषाढात जतनबाईने मनातलं सांगितलं. मुलगा मयंक चाकांच्या खुर्चीचं बोलत होता, त्यावर ती म्हणाली, "खुर्ची वाईट नाई रे. बसीन मी. पन क्षमावाणीले मले मंदिरात पायानं जाऊ दे. बाकीचे वर्षभर मले घरी येऊन भेटतात, त्याचं काही नाई. पन क्षमा मांगाची त आपल्या पायानं जावं लागते, लोकायले घरी बोलावून नाई मांगता येत."

मंदिर आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. आम्हा जैनांच्या दशलक्षण पर्वाचे दहा दिवस संपले की क्षमावाणी येते, तेव्हा सगळे तिथे जमून वर्षभराच्या चुकांची एकमेकांकडे क्षमा मागतात. मयंक कबूल झाला. तोवर आई चालली तर ठीक, नाहीतर खुर्ची.

आणि इथेच घोटाळा सुरू झाला. शिखरचंद वाजवायला बसला की मनातल्या मनात मोजायचा. रुचिका 'एक, दोन, तीन, चार' शिकवायची, पण त्याचे ओठ मात्र 'लाऽऽभ, दोन, तीन, चार' असे हलायचे. पुन्हा 'लाऽऽभ, दोन, तीन, चार'. दर चार ठोक्यांनी पहिला ठोका लांबायचा! त्याचा अंगठा माझ्यावर होता ना, मला ते लगेच कळलं. पहिल्या ठोक्यावर शीग चढत होती. माझ्यासारख्या मापाला ते कसं सहन व्हावं? मी ओरडत होते, अरे लांबवू नकोस, लांबवू नकोस! पण पायलीचं ओरडणं कोणाला ऐकू जातं? रुचिका पुण्यातून म्हणायची, "आजोबा, मधेच थांबल्यासारखं होतंय. इथलं नेट अडकतंय बहुतेक."

नेट नाही गं बाई, आजोबा अडकताहेत!

जतनबाई त्या ठेक्यावर चालायची. पहिल्या ठोक्याला डावा पाय टेकायचा, उजवा उचलायचा आणि दुसरा ठोका वेळेवर यायचाच नाही. पाय अधांतरी. ती दातांवर दात धरून उभी राहायची. शिखरचंदला वाटायचं, ती अडकली. मग तो तिच्या पायांकडे बघून आणखी हळू वाजवायचा, आणि तो हळू झाला की ती खरंच अडकायची. दोघंही घामाघूम व्हायची. कोणीच कोणाला काही बोलायचं नाही.

आषाढाच्या शेवटी एका दुपारी ती पडली. उंबरठ्याशी आली होती. 'लाऽऽभ' लांबला, तिचा उजवा पाय हवेत राहिला, आणि ती आडवी पडली. डोकं माझ्यापासून हातभर अंतरावर आपटलं. शिखरचंदच्या हातातून गिटार सुटली. तो नुसता "जतन, जतन" करत राहिला. मयंक धावत आला. हाड शाबूत होतं, पण कमरेवर एवढं मोठं काळंनिळं उठलं की पंधरा दिवस तिला कूस बदलता आली नाही.

"बस झालं बाबा," मयंक म्हणाला. "हे वाजवणं-फिजवणं बंद करा. तुमच्या ठेक्यानंच पडली ती." त्याने खुर्ची मागवली. चौथ्या दिवशी ती आली आणि ओसरीच्या कोपऱ्यात उभी राहिली. शिखरचंदने गिटार खुंटीला टांगली. मला मात्र तो तिथेच विसरला. त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. रोज सकाळी तो बायकोच्या खोलीच्या दारापर्यंत जायचा आणि आत न जाताच परत यायचा.

जतनबाई पडल्याचं ऐकून रिठदहून जानराव भेटायला आला. केस पांढरे झालेले, पण हात तेच. मला पाहिलं आणि थबकला. "अरे बापा! ही अजून हाय?" त्याने मला उचललं, पितळी काठावरून बोट फिरवलं. मला भरून आलं. चहा झाल्यावर तो म्हणाला, "शेटजी, मयंक सांगे तुमी काय वाजवता म्हनून. मले त ऐकवा जरा."

"कायले, जानराव? माह्यामुळं पडली ती."

"पडली त पडली. मले ऐकवा."

शिखरचंदने नाइलाजाने गिटार काढली. जानरावने मला पुन्हा पालथी घालून त्याच्या पायाखाली दिली. वाजवणं सुरू झालं. लाऽऽभ, दोन, तीन, चार. लाऽऽभ, दोन, तीन, चार. जानराव डोळे मिटून ऐकत होता. मी मनात म्हणत होते, जानराव, तुला कळणार नाही तर कोणाला कळणार? ओळख रे, ओळख!

दहाव्या फेरीला जानरावला हसू फुटलं. मांडीवर थाप मारून तो म्हणाला, "शेटजी, तुमी वाजवून नाई राह्यले. तुमी मापून राह्यले! दर चार मापाले लाभ? अशी कोनती रीत हाय? लाभ एकदाच असते. मंग सरळ वीसपर्यंत जाचं."

शिखरचंदचा हात तारांवर तसाच राहिला. त्याने स्वतःशीच हळूच मोजून पाहिलं. मग खोलीच्या दाराकडे बघत म्हणाला, "म्हंजे मी तिले दर चार पावलाले अडवत होतो."

"व्हय," जानराव म्हणाला. त्याने गोड बोलून काही झाकलं नाही, म्हणून तो मला आवडतो.

'एक' म्हणायचा प्रयत्न करून पाहिला, पण शिखरचंदची जीभ वळेना. एक म्हटलं तरी हात लाभासारखाच लांबायचा. मग जानरावनेच तोड काढली. सुरुवातीला एकदाच लाभ, चांगला लांब, तेवढ्यात जतनबाईने तोल सावरायचा. दोनला डावं पाऊल, आणि मग न थांबता वीसपर्यंत. वीस झाले की दम घ्यायचा, पुन्हा लाभ. आणि आणखी एक. त्याने शिखरचंदची खुर्ची भिंतीकडे फिरवून ठेवली. "वहिनीच्या पायाकडं पाहाचं नाई. मापारी मापाकडं पाह्यते, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं पाह्यलं का हात चुकलाच."

आठ दिवस जानराव मुक्कामाला राहिला. हात घाई करायला लागला की तो काठीने माझ्या अंगावर टकटक करायचा. मला दुखायचं, पण ठेका बरोबर असला की दुखण्याचं काही वाटत नाही. आता प्रश्न जतनबाईचा होता. जिच्यामुळे एकदा आपटलो, त्याच गिटारवर पुन्हा पाऊल टाकायचं म्हणजे काय ते तुम्हीच विचार करा. ती दारात आली, चौकट घट्ट धरून उभी राहिली. "आता पाडसाल त पाहून घेईन तुमाले," ती म्हणाली आणि हात सोडला. लाऽऽभ. दोन. तीन. चार. पाच. माझ्या तळाला घाम फुटतो की काय असं झालं. सहा, सात, आठ. वीस पूर्ण झाले!

क्षमावाणीची सकाळ उजाडली. शिखरचंदने दहा दिवस एकवेळचं जेवण केलं होतं आणि आदल्या दिवशी कडकडीत उपवास. गिटारला पट्टा लावून ती गळ्यात अडकवली. चालत वाजवताना पायाखाली पायली कशी घेणार? मी ओसरीतच राहिले. मयंक मागून खुर्ची घेऊन निघाला. "लागली तर," एवढंच म्हणाला. मंदिरापर्यंत बारा विशा होत्या, म्हणजे वीस-वीस ठोक्यांच्या बारा फेऱ्या. जानरावने आधीच चालून मोजून ठेवल्या होत्या.

मला दिसत काहीच नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. लाऽऽभ, दोन, तीन. पहिली विशी झाली. दुसरी झाली. तिसरी झाली. आवाज लांब जाऊ लागला. चौथीत आठ, नऊ, दहा, अकरा, आणि कर्रर्र करून मोटारसायकलचा ब्रेक वाजला. एक बाई किंचाळली. तारा बंद.

मित्रांनो, ती शांतता मला सांगता येणार नाही. मी मोजत होते, दुसरं काय करणार? बारा नाही. तेरा नाही. माझ्या डोळ्यांपुढे उंबरठ्याशी आपटलेलं तिचं डोकं येत होतं. म्हटलं, गेली. पुन्हा पडली, आणि आता हा माणूस जन्मात तारेला हात लावणार नाही.

मग तिचा आवाज आला. चिडका, पण खणखणीत. "थांबले काहून? गाडीवाला गेला ना! माह्याकडं पाहू नका. वाजवा!"

आणि गिटार सुरू झाली. आधी थरथरली, मग सावरली. पाचव्या विशीनंतर मला काही ऐकू येईनासं झालं.

दोन तास झाले असतील. उन्हं ओसरीत आली. मग गल्लीतून आवाज आला, पण तो तारांचा नव्हता. चाकांचा होता. खुर्चीची चाकं, फरशीवर खडखड करत जवळ येत होती. मला वाटलं, जाताना गेली, येताना बसली. तरी चांगलंच झालं, गेली तर खरी. मी मनाची समजूत घालत होते. चाकांमागोमाग ठेकाही ऐकू यायला लागला. सोळा, सतरा, अठरा.

दार उघडलं. मयंक खुर्ची ढकलत होता. खुर्चीत शिखरचंद बसला होता, मांडीवर गिटार, चेहरा पांढराफटक. उपवासाने मंदिरातच त्याला भोवळ आली होती. आणि त्याच्या शेजारून, कोणाचाही हात न धरता, जतनबाई चालत आत येत होती.

"मयंक, आधी त्यायले पानी दे," ती म्हणाली. "मी म्हनलं होतं, मुकाट्यानं त्या खुर्चीत बसा आन् वाजवा. माहे पाय चांगले हायेत."

मित्रांनो, तिचा आजार गेलेला नाही. काही दिवस तिचे पाय अजूनही अजिबात सुटत नाहीत, तेव्हा ती खुर्चीत बसते आणि त्याची कुरकुरही करत नाही. शिखरचंदला आजही एकच पकड येते. पण रोज सकाळी तो माझ्यावर पाय ठेवून भिंतीकडे तोंड करून बसतो आणि पाठीमागे तिची पावलं पडतात. म्हणून तुम्हाला एकच विनंती करते. घरात कोणाचं पाऊल अडत असेल, तर त्याच्या पायांकडे घाबरून बघत बसू नका आणि त्याला ओढूही नका. आपला ठेका सांभाळा आणि शेजारी राहा. आणि आमच्यासारखी जुनी मापं अडगळीत सापडली तर फेकू नका. पालथी घाला, पायाखाली घ्या, मी तरी राग धरणार नाही.